गावावर लिहिलेला अहवाल गावात परत का येत नाही?

डोंगरपट्टा (धागाकर्ता)

मराठवाड्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील माझ्या गावात गेल्या १२ वर्षांत किती प्रश्नावल्या भरल्या गेल्या, याचा हिशेब मी परवा सहज मांडला. ज्या मी स्वतः अन्वेषक म्हणून भरल्या किंवा ज्यांच्या पथकाला वाट दाखवत फिरलो, तेवढ्याच धरल्या तरी त्या ७ निघाल्या. एक पाणलोटाची, दोन बचत गटांच्या, एक बालविवाहाची, एक ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्याची, एक शौचालयांची, आणि आणखी एक, जिचा हेतू मला शेवटपर्यंत नीट उमगला नाही, पण जिचा रोजचा भत्ता सर्वांत चांगला होता. या सातांपैकी एकाही पाहणीत काय निघाले, हे सांगायला गावात पुन्हा कोणी आले नाही.

धाग्याचे निमित्त माझी चुलती आहे. काही वर्षांपूर्वी परदेशातील एका विद्यापीठाच्या संशोधक बाई आमच्याकडे आल्या होत्या आणि मी त्यांचा दुभाषा होतो. चुलतीने त्यांना दोन तास सामाईक विहिरीची कहाणी सांगितली: चुलते वारल्यावर भावकीने तिची पाण्याची पाळी कशी मोडली, मोटारीचा फ्यूज कोण काढून नेई, आणि शेवटी ती विहिरीच्या थारोळ्यावर दिवसभर बसून राहिली तेव्हा पाळी कशी परत मिळाली. बाईंनी मन लावून ऐकले, त्यांच्या डोळ्यांत पाणीही आले, हे मी नाकारणार नाही. गेल्या दिवाळीत चुलतीने मला विचारले, "त्या बाईनं माझं काय लिवलं रे?" मी शोधले. अहवाल इंटरनेटवर होता, इंग्रजीत, १४० पानांचा. त्यात चुलती एका तक्त्यात सापडली: उत्तरदात्री क्रमांक ३७, विधवा, अल्पभूधारक, पाण्याची उपलब्धता हंगामी. विहिरीचा उल्लेख कुठेच नव्हता, कारण मूळ प्रश्नावलीत विहिरीसाठी रकाना नव्हता. रकाना नाही हे त्या दिवशी मलाही ठाऊक होते आणि तरीही मी चुलतीला बोलू दिले, यात माझाही दोष आहे.

दुसरी गोष्ट ऋतूची. परदेशी विद्यापीठांतील मंडळी बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतात, कारण त्यांना तेव्हा सुट्टी असते आणि आपल्याकडे ऊन कमी असते. पण आमच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन साखर कारखान्यांवर निघून जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि असे निम्म्याहून जास्त कोयते गावाबाहेर असतात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेतली काही पोरे आणि ज्यांना तोडीला जावे लागत नाही अशी चार बरी घरे. त्या घरांत बसून 'स्थलांतरित कुटुंबांची निर्णयप्रक्रिया' या विषयावरची प्रश्नावली मी स्वतः भरलेली आहे. जे स्थलांतरित होते, ते त्या वेळी कुठल्यातरी फडात पाचट तुडवत होते.

मी संस्थेतही काम केले आहे. 'लाभार्थी' हा शब्द मीच हजारो वेळा टाइप केला असेल. या शब्दाची गंमत अशी की तो लागू होण्यासाठी माणसाला लाभ झालाच पाहिजे असे नाही. हजेरीपटावर सही किंवा अंगठा, आणि बॅनरसकट एक फोटो एवढे पुरते. फोटोत कार्यकर्ता मध्ये आणि गावकरी दोन्ही बाजूंना, ही मांडणी कोणी शिकवत नाही, ती आपोआप होते. पण माझा रोख कार्यकर्त्यांच्या हेतूवर नाही. मी ज्यांच्याबरोबर काम केले त्यांतील बहुतेक जण मनापासून झटणारे होते आणि त्यांचे पगार पाहता त्यांच्यावर लोभाचा आरोप करणे हास्यास्पद ठरेल. प्रश्न हा आहे की त्यांना जाब विचारण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो गावात राहत नाही. पैसे देणारा विचारतो, म्हणून त्याला उत्तर मिळते. गाव विचारू शकत नाही, म्हणून गावाला वडापाव मिळतो. विद्यापीठाचेही तेच, फक्त पैसे देणाऱ्याच्या जागी परीक्षक आणि शोधपत्रिका असते.

या व्यवहारात तुम्ही ज्या बाजूला उभे असाल, त्या बाजूने लिहावे. संस्थांना शिव्या देण्याचा हा धागा नाही, एवढी विनंती.


लॉगफ्रेम

धाराशिव जिल्ह्यात १८ वर्षे संस्थांमध्ये काम करतो आहे, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहितो असे समजा. आपण जे लिहिले त्यातले बरेचसे मान्य आहे. मात्र 'गावाला उत्तर का देत नाही' या प्रश्नाला हेतूपेक्षा हिशेबाचे उत्तर अधिक खरे आहे आणि ते कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. त्यापूर्वी प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यापर्यंत होती, ती २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने आपल्या परदेशी निधीतून लहान संस्थेला पैसे देणे पूर्णपणे बंद झाले. आणि परदेशी पैसा आधी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरला पाहिजे अशी अट आली. तालुक्याच्या गावी पाच-सात माणसांवर चालणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या अशाच वाट्यावर जगत होत्या. त्यांतील कित्येकांनी गाशा गुंडाळला. ज्या उरल्या त्या कंपन्यांच्या निधीकडे वळल्या. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, पण त्याच कायद्यात कंपनीने आपल्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. आता वाळूज किंवा चाकणच्या कंपनीचा आसपासचा परिसर भूम-परंड्यापर्यंत ताणायचा तर किती ताणणार? जिथे कारखानदारी नाही तिथे हा पैसा वळणाने येतो, आणि वळणावर त्याची अट बदललेली असते. शाळेची भिंत रंगवायला निधी मिळतो. त्या शाळेतील पोरे कोयत्याबरोबर कारखान्यावर गेली तर त्यांच्यामागे सहा महिने फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, हे कोणी सांगत नाही.

अहवालाचा मराठी अनुवाद, तो गावात वाचून दाखवण्याचा एक दिवस आणि त्या दिवशीचा चहा, एवढ्यासाठी लागणारे पैसे फार नाहीत. तरीही मी आजवर लिहिलेल्या एकाही प्रस्तावात ते मागितले नव्हते. हे आपला धागा वाचताना लक्षात आले आणि वाईट वाटले.

एक मात्र सांगतो. 'सक्सेस स्टोरी' लिहायला लावतात तेव्हा ती ज्या बाईची असते, तिला वाचून दाखवण्याचा नियम मी माझ्यापुरता पाळतो. एकदा एका ताईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे सगळं खरं हाय, पण मी येवढी गरीब नव्हते." त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी त्यांना कागदावर थोडे गरीब केले होते, म्हणजे पुढे त्यांची प्रगती उठून दिसेल.


माळवद

मी किल्लारी पट्ट्यातला आहे. दानाचा पैसा आणि अभ्यासक, दोन्ही आमच्याइतके मराठवाड्यात क्वचितच कोणी पाहिले असतील. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची ती पहाट, आदल्या रात्रीचे गणपती विसर्जन आणि चार वाजायच्या सुमाराला सगळे संपले, हे पुन्हा सांगत नाही. त्यानंतरचे सांगतो, कारण धाग्याचा विषय तो आहे.

जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसन कार्यक्रम आला, त्यात ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार जमिनीवर ठरला: भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, आणि ज्याच्याकडे सात हेक्टरांच्या वर जमीन होती त्याला ७५०. म्हणजे भूकंपाने एका रात्रीत ज्यांना एका रांगेत आणून बसवले होते, त्यांना योजनेने पुन्हा सातबारा पाहून उभे केले. ज्याचे जाते त्याला त्याचे मिळावे, असा त्यामागचा युक्तिवाद होता आणि तो अगदीच चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडे आधीच नव्हते त्याने आई-बाप सारखेच गमावले होते.

अनेक गावे देणगीदारांनी 'दत्तक' घेतली. या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. दत्तक पोराला घेतात, आणि त्याला नाव आपले लावतात. आमच्या भागात कमानींवरच्या आणि पाट्यांवरच्या नावांवरून कोणी काय बांधले ते आजही वाचता येते. पाणी कोणत्या वर्षी आले, ते मात्र कमानीवर लिहिलेले नाही.

आता अभ्यासकांबद्दल. नव्या गावांचे सरळ रेषेतले रस्ते, एकमेकांपासून लांब पडलेली घरे, मोडलेले वाडे आणि शेतापासून वाढलेले अंतर यांवर पुढे पुष्कळ टीका झाली. ती बहुतांशी योग्य आहे. बायकांना भिंतीला लागून भिंत असण्याची जी सोबत होती ती गेली, बैलांना जागा राहिली नाही, आणि दर दुसऱ्या घरापुढे पत्र्याचे शेड उभे राहिले, कारण आखणी करणाऱ्याने गोठा धरलाच नव्हता. पण काही विद्वान इथे येऊन आम्हाला सांगू लागले की जुने दगड-मातीचे घर किती हवेशीर होते, त्यात स्थानिक ज्ञान कसे साठलेले होते, आणि सिमेंटचा हट्ट ही तुमच्या मनावरची शहरी छाप आहे. माझ्या आजोबांवर दोन फूट जाडीची दगडी भिंत आणि वर मातीचे माळवद कोसळले. मी स्वतः ते दगड उचलले आहेत. त्यानंतर आमच्या घरात कोणी दगडाच्या भिंतीशेजारी झोपायला तयार नव्हते. माळवद उन्हाळ्यात थंड असते हे मला अभ्यासकाने सांगावे असे नाही, माझे नावच मी तेच घेतले आहे. परंतु आमच्या मागणीला भीती आणि अनुभव असे दोन्ही आधार होते. विकासवाले आम्हाला अडाणी समजत होते, आणि विकासावर टीका करणारे आम्हाला बिघडलेले समजू लागले. विचारले मात्र दोघांनीही प्रश्नावलीपुरते.

एक गोष्ट निराळी घडली, ती नोंदवतो. जी शेकडो गावे हलवली नाहीत, जिथे लोकांनीच सरकारी मदतीतून आपली घरे दुरुस्त करायची होती, तिथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमले गेले. हप्ता का अडला, सळई कुठे घालायची, अभियंता काय म्हणतो, हे त्या घरोघर सांगत आणि घरोघरचे म्हणणे वर नेत. माझी आत्या त्या भागातली. ती आजही बांधकामावर गेली की गवंड्याला कोपऱ्यातली सळई विचारते. तिला कोणी लाभार्थी म्हटलेले मला आठवत नाही.


गटप्रवर्तक

मी आशा सेविकांची गटप्रवर्तक आहे, बीड जिल्ह्यात. थोडक्यात लिहिते, कारण महिनाअखेर आहे.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर झाल्या. राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा बाहेर आला ते गरजेचेच होते; त्यामुळे खासगी रुग्णालयांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, हेही खरे.

पण त्यानंतर दोन वर्षे माझ्या भागातील त्याच बायकांकडे वार्ताहर आले, आयोग आले, संस्था आल्या, एम.एस.डब्ल्यू. करणारी मुले आली. एकीला मी स्वतः पाच वेळा बोलावून आणले. पाचव्या वेळी ती म्हणाली, "ताई, पिशवी एकदाच काढली, दाखवायची किती वेळा?" तिचा त्या दिवशीचा रोज बुडाला होता. तो भरून देण्याची तरतूद पाचांपैकी एकाकडेही नव्हती. कंबरदुखीच्या गोळ्यासुद्धा कोणी आणल्या नव्हत्या. मी दिलेल्या आमच्या केंद्रातल्या होत्या.


गोदाकाठ

मूळ नांदेडचा, सध्या परदेशात पीएच.डी. करतो आहे. म्हणजे डोंगरपट्टा यांनी ज्या बाईंबद्दल लिहिले, त्यांच्या खुर्चीत उद्या मी बसणार आहे. तेव्हा प्रामाणिकपणे लिहिलेले बरे.

आमच्याकडे क्षेत्रकार्यापूर्वी विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. अर्ज पंचवीस-तीस पानांचा असतो. माहिती गुप्त कशी ठेवाल, संमती कशी घ्याल, उत्तरदात्याला मानसिक त्रास झाला तर काय कराल, असे सगळे त्यात विचारतात. निष्कर्ष उत्तरदात्यांना कसे कळवाल, असाही एक रकाना माझ्या अर्जात होता. मी त्यात 'सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून दिला जाईल' असे लिहिले आणि अर्ज मंजूर झाला. तो दिला की नाही हे मला कोणी विचारणार नाही. गटप्रवर्तक ताईंनी लिहिलेला बुडालेला रोज तर अर्जात कुठेच येत नाही. उलट पैसे दिले तर उत्तरे दूषित होतील, अशी शंका घेतली जाते. माझी शिष्यवृत्ती घेतल्याने माझे निष्कर्ष दूषित होतात का, हे मी मार्गदर्शकांना विचारलेले नाही, आणि पदवी हातात पडेपर्यंत विचारणारही नाही.

२०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या पद्धतीला मिळाले, तिच्याबद्दलही लिहायला हवे, कारण आता निधी देणारे सर्वत्र तीच मागतात. औषधाची चाचणी घेतात तशी गावांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करायची, काहींना योजना द्यायची, काहींना द्यायची नाही आणि फरक मोजायचा. उदयपूर जिल्ह्यातील लसीकरणाचा प्रयोग सर्वांत प्रसिद्ध आहे. नुसत्या नियमित शिबिरांनी पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण १८ टक्के झाले, शिबिराबरोबर दर खेपेस एक किलो डाळ आणि शेवटी ताटे दिली तेव्हा ते ३९ टक्के झाले, आणि जिथे काहीच केले नाही तिथे ते ६ टक्के होते. यातून खरोखर मोलाची माहिती मिळाली; पालक अज्ञानापोटी लस टाळतात या समजाला धक्का बसला. मी या पद्धतीचा शत्रू नाही. पण 'काय चालते' हे मोजता मोजता 'आरोग्य उपकेंद्राचे कुलूप का उघडत नाही' हा प्रश्न मागे पडतो, कारण कुलपाची चिठ्ठी टाकता येत नाही. आणि त्या सहा टक्क्यांतल्या गावांना आपण कशाची तुलना म्हणून वापरले गेलो, हे कोणी सांगितले असेल का, हा प्रश्न मला हा धागा वाचेपर्यंत पडला नव्हता.

डोंगरपट्टा यांच्या ऋतूच्या मुद्द्याने मी सर्वांत जास्त अस्वस्थ झालो. माझे तिकीट डिसेंबरचे काढलेले आहे.


तासिकातत्त्व

परदेशी संशोधकांवर बरीच चर्चा झाली, आता आपल्या अंगणात येऊ. मी एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी. माझ्यासारखे विषयाचे नाव, नेट-सेट आणि पीएच.डी. घेऊन वर्षानुवर्षे थांबलेले लोक प्रत्येक महाविद्यालयात आहेत. जागा निघाली की तिची किंमतही निघते, हे या मंचावरच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय निघाले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यासाठी, म्हणजे नामांतरासाठी, १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लोकांनी लाठ्या खाल्ल्या, घरे जळताना पाहिली, जीव दिले. एका विद्यापीठाच्या नावासाठी खेड्यापाड्यांतल्या माणसांनी एवढे मोजले, असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. त्या माणसांचे त्या विद्यापीठातल्या संशोधनाशी नाते काय राहिले? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांनी शोधनिबंधांना गुण लावले. तेव्हापासून निबंध कोणासाठी लिहायचा हा प्रश्न मिटला. तो गुणांसाठी लिहायचा. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, त्याची जाडजूड स्मरणिका, तीत दोनशे निबंध, आणि 'मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्या : एक चिकित्सक अभ्यास' हे शीर्षक निदान दहांना. दुपारी जेवण झाले की निम्मे लोक प्रमाणपत्र घेऊन एस.टी. गाठतात. मी स्वतः तसा गेलेलो आहे.

प्रबंध आता शोधगंगा या संकेतस्थळावर चढवावे लागतात, म्हणजे ते कोणालाही वाचता येतात. मी मराठीत लिहिला. बाह्य परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारले, इंग्रजीत का नाही लिहिला? गावकऱ्यांनी अजून काही विचारलेले नाही, कारण तो आहे हे त्यांना मीही सांगितलेले नाही. माझा अभ्यास ज्या गावावर आहे ते माझ्या घरापासून १६ किलोमीटरवर आहे. त्यामुळे आपल्या संशोधकाला विमानाचे तिकीट लागत नाही, एवढाच फरक समजावा.


कोरडवाहू

सर्वांचे वाचले. एक शंका आहे आणि ती उद्धट वाटेल. अहवाल गावात वाचून गाव काय करणार? मराठवाड्याइतके अहवाल कोणत्या प्रदेशाच्या वाट्याला आले असतील? दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट, ३,१८६ कोटींच्या घरात काढला. तो अहवाल विधानसभेत गाजला, 'अनुशेष' हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी बसला. मग वैधानिक विकास मंडळ आले, केळकर समिती आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा हे सगळे अहवाल कपाटात होतेच. माहिती नसणे ही आपली अडचण कधी नव्हती.

दुसरे असे की संस्थांची कामे गावाला 'सर्वांसाठी' म्हणून सांगितली जातात, पण गाव एक नसते. पाणलोटाचे काम आले की चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी येते. पाणी वाढते त्याच्या विहिरीला ज्याची विहीर आहे. शेळ्या विकतो तो, ज्याच्याकडे शेळ्यांशिवाय काही नाही. श्रमदानाच्या फोटोत मात्र दोघेही टोपली घेऊन उभे असतात. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने इथल्या दलितांना गायरान कसायला आणि नावावर मागायला उभे केले, तेव्हा गावोगाव बहिष्कार पडले. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या असे जे काम असते, त्यात कोणाचे काही गेलेले नसते, आणि म्हणून बहुधा कोणाला काही मिळालेलेही नसते. अहवाल ग्रामसभेत वाचाल तेव्हा तो कोणाच्या ग्रामसभेत वाचला जाईल, याचाही विचार करा.


लॉगफ्रेम

कोरडवाहू यांच्याच मुद्द्यावरून एक आठवले. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आई-बापांनी खडी फोडली, त्यातून रोजगार हमी आली, आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात मागेल त्याला काम हा हक्क होता, कोणाचे उपकार नव्हते. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, गावासमोर वाचायचे, आणि ज्याचे नाव त्यावर आहे त्याने उठून सांगायचे की मी त्या आठवड्यात कामावर होतो की नव्हतो. मी अशा दोन सभांना हजर होतो. एकीत मारामारीची वेळ आली. पण मेलेल्या माणसाची हजेरी त्याच सभेत सापडली.

म्हणजे सरकारी कामाची झडती गावाने घ्यायची रीत आपल्याकडे आहे. आम्हा संस्थांच्या आणि विद्यापीठांच्या कागदांना तेवढे कोणी हात लावत नाही. माहिती आहे की नाही यापेक्षा 'हे खोटे आहे' असे म्हणण्याची जागा आहे की नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. दांडेकर समितीच्या अहवालात डोंगरपट्टा यांच्या चुलतींना उठून 'असे नाही' म्हणता येत नव्हते. त्या १४० पानांच्या अहवालाबाबत मात्र तसे म्हणता येऊ शकेल.


डोंगरपट्टा (धागाकर्ता)

उत्तराला उशीर झाला. मधल्या काळात त्या १४० पानांचा चार पानी मराठी सारांश केला आणि लेखिका बाईंना मेल पाठवून तसे कळवले. त्यांचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. त्यांनी आनंदाने संमती दिली आणि पूर्वीच हे करायला हवे होते असे लिहिले. प्रकल्पाची मुदत संपल्यावर त्या दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या विषयावर कामाला लागल्या होत्या, असेही कळवले. कोणाला खलनायक करण्याची सोय या प्रकरणात मला मिळालेली नाही.

ग्रामसेवकांना विचारले तर ते म्हणाले, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेऊ. मी नको म्हटले. तेव्हा टोळ्या कारखान्यावर असतात आणि सभेला जे येतात त्यांच्यातच विहिरीची भावकी असते. १ मे ची सभा ठरली आहे. तोवर पट्टा पडून, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपून, लोक परतलेले असतील. कोरडवाहू यांची शंका मला मान्य आहे, म्हणून सभेआधी एक वाचन वस्तीवर, समाजमंदिरात, आणि एक फक्त बायकांचे, असे वेगळे ठेवले आहे. गोदाकाठ यांना शक्य असेल तर त्यांनी तिकीट पुढे ढकलावे. उन्हाचे मी सांगू शकत नाही, पण झोपायला गच्ची आहे.

सारांशाच्या शेवटच्या पानामागे जागा कोरी होती. तिथे मी विहिरीची हकिकत, आठवत होती तशी, लिहून काढली आणि काल रात्री चुलतीला वाचून दाखवली. तिने पूर्ण ऐकली. मग म्हणाली, फ्यूज काढून नेणारा तू लिहिलास तो नव्हे, त्याचा धाकटा भाऊ. आणि पाळी चार दिवसांनी नव्हती, आठ दिवसांनी होती. दोन्ही दुरुस्त्या केल्या आहेत. धाकट्या भावाचे नाव सभेत वाचायचे की नाही, ते ती १ मे पर्यंत ठरवणार आहे.